शेजारघरचं विरजण

आई, आज सकाळी ऑफिसात मी खुर्चीवरून उठून चक्क टाळ्या पिटल्या, आणि लगेच आठवलं ते तुझं दही. हे इथे कुणाला सांगितलं तर वेड लागलं म्हणतील, म्हणून तुलाच लिहायला बसले. तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते आणि पुढे काय करणार याचा मलाच पत्ता नव्हता. तर आधी हे ऐक, मी झाशीतच आहे. इलाइट चौराह्यावर चपलांच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. आम्ही लोकांचे संगणक सांभाळतो, पण ते संगणक इथे नसतात. दूरच्या शहरांत यंत्रांनी भरलेल्या मोठमोठ्या इमारती आहेत. त्यांतल्या एखाद्या यंत्राचा तुकडा भाड्याने घ्यायचा आणि तो आपला स्वतंत्र संगणक म्हणून वापरायचा. त्याला हात लावता येत नाही, त्यावर धूळ बसत नाही, काम मात्र सगळं करतो. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात आणि या सगळ्या भाड्याच्या पसाऱ्याला क्लाउड. तू लगेच विचारलं असतंस, "जे दिसतच नाही ते सांभाळायचं म्हणजे काय करायचं गं?" तेच तर सांगतेय. त्याचं विरजण काढून ठेवायचं.

तुझं दही तू लग्नात माहेराहून आणलं होतंस, घट्ट झाकणाच्या डब्यात, गाडीभर मांडीवर धरून. त्याच वर्षी तुझी आई गेली आणि मग ते नुसतं दही राहिलं नाही. रेल्वे कॉलनीतल्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तुझा नियम एकच होता, उद्याचं विरजण बाजूला काढल्याशिवाय आजच्या दह्याला कुणी चमचा लावायचा नाही. शिवाय एक वाडगा शेजारच्या चाचींकडे. आपलं नासलं, मांजराने सांडलं, तर त्यांच्याकडून आणता येईल म्हणून. इथपर्यंत कुणीही करेल. पण तू अधूनमधून घरात चांगलं दही असताना मला चाचींकडे पिटाळायचीस आणि त्या वाडग्यातलं विरजण लावून बघायचीस. मी कुरकुरायचे, घरात असताना मागायला कशाला जायचं? तू म्हणायचीस, "मागायला नव्हे, बघायला. ठेवलंय म्हणजे आहे असं होत नाही. लागलं तर खरं."

आणि एक दिवस ते लागतं, पण तू बोट बुडवून चाखतेस आणि म्हणतेस, "हे आपलं नाही." मी हसते. दह्याला काय नाव लिहिलेलं असतं? तू पदर खोचून तडक शेजारी जातेस, मी तुझ्या मागे. "भाभी, ये हमारा दही नहीं है।" चाची दारातच कपाळाला हात लावून खोखो हसायला लागतात. "हाय दीदी, पकर लओ! मेहमान आ गए ते, तुमाओ दही रायते में डार दओ। हमने सोची, दही तौ दही होत, हलवाई कौ भर दओ।" तूही हसलीस, पण तुझा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला. त्या आठवड्यात आपला दह्याचा मातीचा सट फुटला असता तर? तू घरी येऊन ताजा वाडगा भरलास, परत गेलीस आणि चाचींना काहीतरी नीट समजावून सांगितलंस. त्या दिवशी काय बोललात ते मला कळलं नाही, मला तू अंगणात थांबवलं होतंस.

आता आमच्याकडचं ऐक. आम्ही प्रत्येक मशीनची प्रत रोज दुसऱ्या शहरातल्या जागेत ठेवतो. ते काम आपोआप होतं आणि झालं की हिरवी खूण येते. हिरवी खूण दिसली की सगळे खूश. मी मात्र दर महिन्याला त्या प्रतीवरून एका कोपऱ्यात नवं मशीन उभं करते, उघडते, आत सगळं आहे ना ते बघते आणि मोडून टाकते. यावरून माझी काय टिंगल होते म्हणून सांगू! "आज दीदी का व्रत है, कोई डिस्टर्ब मत करना।" मागच्या व्रताला मी एका डोळ्यांच्या दवाखान्याचं मशीन उभं केलं. पेशंटांची नावं होती, तारखा होत्या. सहज एकीच्या डोळ्याचं माप उघडायला गेले तर काहीच नाही. दुसरीचं नाही, कुणाचंच नाही. झालं होतं असं की, जागा कमी पडली म्हणून मध्यंतरी त्या मशीनला आणखी एक डिस्क जोडली होती, मापं तिच्यात जात होती, आणि तिचीही प्रत काढ हे कुणी सांगितलंच नव्हतं. हिरवी खूण खोटं बोलत नव्हती, जेवढं सांगितलं तेवढं ती इमानाने ठेवत होती. वाडगा आपला, आत हलवायाचं दही! मी इतक्या जोरात ओरडले की खालचा चपलावाला वर आला. ती डिस्क मी तेव्हाच प्रतीत घातली.

आणि आज, आई, आज सकाळी! शेजारच्या टेबलावरचे आमचे भैया जुनी, चाचणीपुरती केलेली मशीनं साफ करत होते. भला माणूस, पण घाईचा. त्यांत दवाखान्याचं मशीनही त्यांनी चुकून डिस्कसकट उडवलं. दवाखान्यात मोतीबिंदूची ऑपरेशनं होती, टहरौली, एरच अशा लांबच्या गावांची माणसं पहाटेच निघून आली होती, आणि कुणाच्या डोळ्यात कोणत्या नंबरचं भिंग बसवायचं ते सगळं त्या मापांत. बाहेरगावचे डॉक्टर दुपारच्या गाडीने परतणार. सगळ्यांची मापं पुन्हा घ्यायची तर निम्मी माणसं तशीच घरी, आणि पुन्हा आणायला मुलाला, जावयाला कधी सवड होणार कोण जाणे. मी कालची प्रत निवडली आणि मशीन उभं करायला लावलं. फोनवर दवाखान्यातला माणूस घाबरून एकच विचारत होता, "मैडम, आ जाएगा ना?" मी म्हटलं, "आएगा।" प्रत उघडायची तेवढी मी उघडून पाहिली होती, तरी खऱ्या वेळी खरं मशीन उभं करणं वेगळंच असतं. पडदा काळा. काळाच. मग नावं आली. मी एका नावावर बोट दाबलं आणि डोळ्याचं ते गोल चित्र अख्खं समोर उभं राहिलं, खाली मापासकट. फोनमधून ओरडा आला, "आ गया मैडम, सब आ गया!" आणि त्याच्या मागून एका म्हातारीचा वैतागलेला आवाज, "तौ अब हमाओ लम्बर कबै आहै?" त्याच क्षणी मी टाळ्या पिटल्या. भैया माझ्या पाया पडायला वाकले. मी म्हटलं, "रहने दीजिए भैया, अगले महीने से व्रत आप रखिए।"

मग मला ऑफिसात बसवेना. ही गोष्ट ज्याला कळेल असं माणूस गावात एकच होतं. चाची आता कॉलनीच्या मागे मुलाकडे राहतात. मी सगळं सांगितलं, रायत्यापासून. त्या ठसका लागेपर्यंत हसल्या. मग उठल्या, फ्रिज उघडला आणि एक वाडगा माझ्यासमोर ठेवला. "जौ दीदी कौ आय। रोज जमाउत हैं। दीदी कह गईं तीं, जौ हमाई मताई कौ आय, सँभार कें राखियो।" तुझ्या आईचं म्हणून त्यांनी ते इतकी वर्षं सांभाळलं होतं.

तू गेलीस त्या दिवसांत आपल्या घरी दुधाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सट रिकामा झाला तो झाला. बाबा दुकानातून दही आणायचे आणि "हे आपलं नाही" म्हणणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मी वाडग्याकडे बघत राहिले. रडू येत होतं आणि तोंडातून निघालं ते, "चाची, सच में? हलवाई का तो नहीं है?" त्या म्हणाल्या, "जमा कें देख लो।"

तर वाडगा घरी आणून विरजण लावलंय. अजून थंडी पडलेली नाही, लवकर लागेल. लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही, झाकण उघडायचं नाही, हे तुझं बजावणं आठवून हात गुंतवायला म्हणून हे लिहायला बसले. कुठे पाठवायचं नाहीच आहे. पण दर महिन्याला सगळं धीराने तपासून बघणाऱ्या तुझ्या मुलीला आज धीर धरवला नाही, आई. मघाशी उठून मी चाचींच्या वाडग्यात बोट बुडवलं. आपलंच आहे.