घरघर नसलेलं यंत्र

३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
ठिणगीचा सा. न. वि. वि.

खोकं पोचलं असेल आणि तुम्ही ते अजून उघडलं नसेल, हे मी इथे बसून सांगू शकते. आत माझा पहिला अ‍ॅम्प्लिफायर आहे. तापणाऱ्या काचेचा एकही व्हॉल्व्ह नाही, सगळे ट्रान्झिस्टर. हे वाचून तुम्ही चष्मा काढून कपाळ चोळाल, तेवढा वेळ थांबते.

ग्रंथालयात रेकॉर्डी ऐकायची नवी खोली होतेय आणि तिथे कोणतं यंत्र ठेवायचं हे ग्रंथपालबाईंनी तुमच्यावर सोपवलंय, असं आईने कळवलं. तुमच्या हातचा व्हॉल्व्हचाच जाणार असं सगळे धरून चाललेत. तरी माझा एकदा ऐका. मुलीचा म्हणून नको, प्रतिस्पर्ध्याचा म्हणून ऐका. सोल्डर करायला तुम्ही शिकवलंत, पुढचं मी शिकले. तुम्ही नको म्हणालात तर भांडणार नाही. पण मला फार लागेल, हे आधीच सांगून ठेवते.

लोभ आहेच. व्हॉल्व्हवर आहे त्याच्या निम्मा तरी या खोक्यावर असावा.

तुमची
ठिणगी


१२ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझ्या यंत्राने माझा स्पीकर फाडला. खुशाली नंतर लिहितो.

आपल्याकडे यंत्र कसं सुरू होतं ते तू लहानपणापासून बघतेस. बटण दाबायचं, आवाज पुरता उघडायचा आणि कान देऊन बसायचं. काचा तांबूस झाल्या आणि स्पीकरमधून बारीक घरघर आली, की समजायचं जीव आला. मग आवाज उतरवून सुई ठेवायची. तुझ्या यंत्रालाही मी तोच मान दिला. आवाज पुरता उघडला, घरघर नाही. चहा पिऊन आलो, तरी नाही. आई म्हणाली बिघडलंय. मी म्हटलं, पोरीचं पहिलंच आहे, वाटेत एखादी तार सुटली असेल. रेकॉर्ड फिरतच होती म्हणून सहज सुई टेकवली.

पुढचं शेजाऱ्यांना विचार. गाणाऱ्या बाईंनी असा काही सूर लावला, की समोरच्या शिंप्याने मशीन थांबवलं. स्पीकरचा कागद टराटरा फाटला आणि आईच्या हातची बशी गेली.

मी रागावलो होतो, अजून थोडा आहे. जीव आला की नाही हेसुद्धा जे यंत्र सांगत नाही, ते चार लोकांत कसं ठेवायचं? व्हॉल्व्ह निदान बोलतो तरी. महिनाअखेर ग्रंथपालबाईंना उत्तर द्यायचंय. बहुतेक माझंच यंत्र द्यावं लागेल. तुला लागेल, ते मलाही लागतंय. तब्येतीला जप.

तुझा
बाबा

ता. क. आईकडून: माझं मत कोणी विचारत नाही, तरी देते. यांच्या यंत्रावर रुमाल वाळतात, तुझ्या यंत्रावर वाळत नाहीत. बाकी मला दोन्ही सारखीच. जेवत जा.


१७ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग दाराला कडी लावून रडले.

यंत्र बिघडलं नव्हतं, बाबा. ते पहिल्या क्षणापासून चालू होतं. ज्या घरघरीची तुम्ही वाट बघत बसलात, ती घालवण्यात माझं अख्खं वर्ष गेलं. तारा इकडच्या तिकडे केल्या, अर्थिंग पुन्हा पुन्हा सोडवून जोडलं, जेवतानाही कानात तीच. शेवटी एका दुपारी आवाज पुरता उघडला आणि स्पीकर गप्प राहिला. त्या दिवशी मी खोलीत एकटीच नाचले. तुमच्यासारख्या कानाला ती शांतता बंद यंत्राची वाटली, आता याहून मोठी शाबासकी मी कुठे मागू? स्पीकरचं मात्र खरंच वाईट वाटलं.

दिवसभर व्हॉल्व्ह तापत राहील, तापल्या काचेला कोणाचा तरी हात लागेल, वगैरे मुद्दे माझ्याकडे आहेत. पण वकिली करत नाही. आवाज बेताचा ठेवून एकदा नीट ऐका आणि मग नको म्हणा. न ऐकता निकाल देऊ नये, हे तुम्हीच गिऱ्हाइकांना सुनावता.

आईला नवी बशी मी आणीन. राग ओसरला असेल तर उरलेल्या जागेत लोभ असू द्यावा.

तुमची
ठिणगी


२ मार्च

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

स्पीकरला नवा कागद चढवला, खुर्ची ओढली आणि तीच रेकॉर्ड दोन्ही यंत्रांवर आलटून पालटून लावली. आई कंटाळून शेजारी जाऊन बसली.

माझ्या यंत्रावर बाई गोड गातात. तुझ्या यंत्रावर बाई गातात. दुसऱ्या कडव्यात त्यांना श्वास अपुरा पडतो, तो चोरून घेऊन त्या पुढची ओळ उचलतात. ही रेकॉर्ड मी जन्मभर ऐकतोय, पण तो श्वास मला कधी भेटला नव्हता. माझे व्हॉल्व्ह त्याच्यावर मऊ हात फिरवत होते. म्हणजे इतकी वर्षं मी गाण्यात साखर घालत आलो आणि लोक म्हणत राहिले, गाणं किती गोड. साखर उत्तम होती, त्याबद्दल मी कोणाचं ऐकून घेणार नाही. घरी मी तीच घेणार. पण ग्रंथालयात पुस्तक जसं लिहिलंय तसं हातात देतात. गाणंही तसंच द्यायला हवं.

तुझं यंत्र त्या खोलीत बसवून आलो. ग्रंथपालबाईंनी हसत विचारलं, मुलीचं म्हणून का? मी म्हटलं, मुलीचं म्हणूनच तर आधी नको म्हणत होतो. तेव्हापासून भेटेल त्याला सांगत सुटलोय. शिंप्याला दोनदा सांगितलं. माझी फुगलेली छाती शर्टात मावत नाही, असं आई म्हणते.

एक भानगड मात्र करून बसलोय. ग्रंथपालबाईंनी विचारलं, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? या गावात हा प्रश्न आला की आजवर माझाच हात वर गेलाय, सवयीने परत वर गेला. घरी येण्याआधी झाकण काढून पाहिलं. सोल्डरचे थेंब हुबेहूब माझ्यासारखे, पण त्यातली विजेची वाट कुठून कुठे जाते ते मला कळेना. तेव्हा सुट्टीत ये आणि मला शिकव. अगदी पहिल्यापासून शिकव. भराभर सांगू नकोस, आणि तेच तेच विचारलं तर रागावू नकोस.

शेवटी नेहमीसारखे आशीर्वाद लिहायला गेलो आणि पेन अडलं. शिकायला बसणाऱ्याने आशीर्वाद द्यायचे नसतात. म्हणून या खेपेला,

सा. न.

तुझा
बाबा