मामाची वाटी

॥ श्री ॥
पुणे, १२ जानेवारी १९९८

तीर्थरूप अण्णांस,
वेदवतीचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

लग्नपत्रिकेचा मसुदा पोचला. पंकजा वाचून हसत बसली. म्हणाली, मामांचे मराठी वाचताना वाटते की पत्र घोडेस्वाराने आणून दिले. मी म्हटले, बाई गं, लग्नानंतर कुंभकोणलाच राहायचे आहे, तिथे तुझ्याच पुणेरी मराठीला लोक हसतील.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते. विशालाक्षी मावशीने कळवले की आपल्या होणाऱ्या जावयाला, वेणुगोपाळला, दोन वर्षांमागे कावीळ झाली होती, आणि पुढे त्यांच्या कचेरीत रक्तदान होते तेव्हा त्याचे रक्त न घेताच त्याला परत पाठवले. तेव्हापासून माझे जेवणात लक्ष नाही. आमच्या शेजारच्या डॉक्टरीण बाई सांगतात, काविळीची एक जात रक्तात घर करून राहते. माणूस धडधाकट दिसतो, पण बायकोला होऊ शकते, पुढे बाळालाही.

तुमच्या औषधांच्या दुकानात याच तपासणीची पट्टी आल्याचे तुम्हीच दिवाळीत लिहिले होते. तर काही निमित्त काढून त्याला बोलवा. साखर बघतो म्हणा. ही तपासणी करून घ्या, त्याला कळू देऊ नका आणि निकाल मला लिहा. दोष निघाला तर मी हे लग्न मोडणार. असल्या माणसाच्या ताटाला ताट लावून मी मुलीला बसवणार नाही.

वहिनींस नमस्कार. राग मानू नये, माया आहे म्हणूनच हक्काने लिहिते.
तुमची,
वेदवती

॥ श्री ॥
कुंभकोण, २४ जानेवारी १९९८

चि. सौ. वेदवतीस,
अण्णाचे अनेक आशीर्वाद.

घोडेस्वार सुखरूप पोचला हे कळून बरे वाटले.

तुझे काम केले, पण तुझ्या रीतीने नाही. वेदा, मी या धंद्यात शिरलो तो बाटल्या धुणारा म्हणून. तिथून स्वतःच्या दुकानापर्यंत आलो ते एका गोष्टीवर: माझ्या गल्ल्यावर जे बोलले जाते ते रस्त्यावर जात नाही. साखरेच्या नावाखाली जावयाचे रक्त काढले तर उद्या पाटी उतरवावी लागेल.

म्हणून वेणुगोपाळला बोलावले आणि सरळ सांगितले, की पंकजाच्या आईला धास्ती आहे, तपासून घ्यावे असे मलाही वाटते, पुढे तुमची मर्जी. तो हसला. पण जिथे हसायचे नाही तिथे हसला. गल्ल्यामागे जन्म गेला माझा, एवढे कानाला कळते. मग तोच म्हणाला, मामा, रक्त का नाकारले ते मी विचारलेच नाही, विचारायचा धीर झाला नाही. दोन वर्षे तो हे घेऊन फिरतो आहे. शेतकी संशोधन केंद्रात भाताच्या रोपांचे रोग हुडकण्याचे काम करतो, आणि स्वतःला सुई लावायला घाबरतो.

म्हटले, चला, जोडीला मीही बसतो. मागच्या खोलीत नटराज रक्त काढतो, त्याला सांगितले, आधी माझे घे. दोन पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्या आणि कॉफी मागवली. एक रेघ उमटली तर काही नाही, दोन उमटल्या तर आहे. कॉफी निवायच्या आत उत्तर.

त्याच्या पट्टीवर काय आले ते मी लिहिणार नाही. ते त्याचे आहे, पंकजाला तो स्वतः कळवणार आहे. माझ्या पट्टीवर काय आले ते माझे आहे, म्हणून लिहितो. दोन रेघा.

नटराजला वाटले पट्टी खराब. दुसरी लावली. पुन्हा दोन. कुठून आले म्हणशील तर पक्के कोण सांगणार? तरुणपणी डॉक्टरांकडे कंपाउंडर असताना काचेच्या पिचकाऱ्या आणि सुया धुवायचो, बोटे टोचून घ्यायचो. त्यात आले असेल. तंजावरच्या डॉक्टरांकडे जाणार आहे. तुझ्या वहिनीला तेव्हाच सांगितले. ती म्हणाली, आधी जेवून घ्या.

असल्या माणसाच्या ताटाला ताट लावायचे नाही असे तू लिहिलेस. आपण दोघे एका ताटात जेवून मोठे झालो, तेवढे आठवले म्हणून लिहिले. माया कमी करू नकोस, जास्त झाली तर मी तक्रार करणार नाही.
अण्णा

॥ श्री ॥
पुणे, ९ फेब्रुवारी १९९८

तीर्थरूप अण्णांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र तीनदा वाचले. मी काय लिहून बसले होते ते आठवून मान वर होत नाही. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळवा. तेलकट खाऊ नका. दुकानात फार उभे राहू नका.

वेणुगोपाळचे पत्र पंकजाला आले. त्याची एकच रेघ. त्याने डॉक्टरांनाही विचारले. त्याला झाली होती ती पाण्यातून येणारी कावीळ, ती येते आणि जाते. ताजी होती म्हणून रक्त घेतले नसावे. तेव्हा वैशाखातला मुहूर्त कायम आहे.

आता लिहू की नको अशी गोष्ट. आपल्या घरची रीत तुम्हाला ठाऊक आहे. मंगळसूत्र बांधून झाले की मामा आईच्या चांदीच्या वाटीत दूध-केळे कालवतो, आधी स्वतः चाखतो आणि त्याच वाटीतून भाचीला भरवतो. माझ्या लग्नात मामाने भरवले तेव्हा तुम्ही रडला होता. पण या वेळी तुम्ही चाखावे की नाही, मला समजेना. रीत मोडणार नाही, पण दोन वाट्या करू का? की आपला चुलतभाऊ सेतुराम आहे, तोही मामाच, त्याला बसवू? लोकांना पाठ दुखते म्हणून सांगू. मला माफ करा. मी आई आहे.

तुमची,
वेदा

॥ श्री ॥
कुंभकोण, २ मार्च १९९८

चि. सौ. वेदास आशीर्वाद.

तंजावरला जाऊन आलो. डॉक्टरांनी मोठ्या लॅबमध्ये पुन्हा तपासले. आहे, पण निजून आहे. लिव्हर तूर्त ठीक. औषध नाही, दर सहा महिन्यांनी दाखवायचे आणि दारू घ्यायची नाही. म्हटले, आमच्या घरात रसमात हिंग जास्त पडला तरी चढतो. डॉक्टर हसले. तुझ्या वहिनीची पट्टी एकरेघी निघाली, तिला लस सुरू केली. शेजारीण काविळीवर म्हणून रोज कीळानेल्लीचा, म्हणजे तुमच्याकडच्या भुईआवळ्याचा, पाला वाटून ताकातून आणून देते. मी डॉक्टरांना विचारले, ते म्हणाले, यावर उपाय म्हणून नको. तेव्हा पेला परत करतो आणि आभार मानतो.

हे पसरते रक्तातून, वस्तऱ्यातून, सुईतून, नवराबायकोच्या संबंधातून, बाळंतपणात आईकडून बाळाला. एका पंक्तीला बसून, एका वाटीतून खाऊन पसरत नाही. मी हे डॉक्टरांना दोनदा विचारले. दुसऱ्यांदा कोणासाठी विचारले ते तुला कळेल.

पण वाटीचे तू ठरव. परवा औषधांच्या कपाटामागे मोजणी करत होतो. पुढे वेणुगोपाळच्या आई मीनाक्षीबाई नटराजला विचारत होत्या, तुमच्या मालकांनी सुरी लावलेली केळी मंडपात येणार का. म्हणजे बातमी पोचली. मी बाहेर येऊन नमस्कार केला आणि सांगितले, केळी सेतुराम आणणार आहे, सोललेली नसतील. बिचाऱ्यांनी सर्दीची गोळी घेतली, सर्दी नसताना. त्यांच्यावर मी रागावलो नाही. भीती वाटली तर माणूस विचारतो, आणि विचारले ते बरे.

तेव्हा सेतुरामला बसव, मी समईजवळ तेल घालत बसेन. फक्त एक कर. पंकजाला पाठदुखीचे सांगू नकोस. माझी पाठ उत्तम आहे, आणि ती पोर मला ओळखते.

पूर्वी होतीस तशीच राहा, माझे एवढेच मागणे.
अण्णा

॥ श्री ॥
पुणे, ६ एप्रिल १९९८

तीर्थरूप मामांस,
पंकजाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आईने मला पाठदुखीचे सांगितले नाही. तीन आठवडे काहीच सांगितले नाही. मग गुढीपाडव्याला पुरण वाटता वाटता सगळे सांगितले आणि पुरणात मीठ घातले. आम्ही ते तसेच खाल्ले.

दुसऱ्या दिवशी मी तिला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात नेले. तिथेही तुमच्यासारखीच मागे खोली आहे. आई म्हणाली, मला कशाला, माझे वय झाले. मी म्हटले, तू मामांच्या ताटात जेवलीस ना, मग बस. तिने डोळे मिटून हात पुढे केला, मग मीही केला. त्या बाईने तिला तुम्ही कोणाबरोबर राहता म्हणून विचारले, तर आईने सगळे कुंभकोण सांगितले. दोघींची एकेक रेघ. लगेच डॉक्टरांकडून लसही टोचून घेतली. दुसरी टोचणी लग्नाच्या सुमारास येते, ती तुमच्याकडे घेऊ.

वेणुगोपाळ लिहितात, ज्या माणसाने माझ्या आधी हात पुढे केला तो समईजवळ बसणार असेल तर मीही तिथेच बसतो, भटजींना होम तिकडे हलवायला सांगा. त्यांच्या आईंना त्यांनी स्वतः डॉक्टरांकडे नेले होते. त्या आता केळ्यांविषयी विचारत नाहीत, दूध-केळ्यात साखर कमी घाला म्हणतात.

मला भरवायला सेतुराममामा नकोत. ते घास मोठा करतात. आईने पत्रात खाली तिच्यासाठी जागा ठेवायला सांगितले आहे.

तुमची लाडकी (असे तुम्हीच म्हणता),
पंकजा

अण्णा, दुसरी वाटी शोधायला माळ्यावर गेले होते. सापडली, ती तिथेच ठेवून आले. आईची वाटी चिंच लावून घासली आहे, पिशवीत घातली आहे. तुम्ही चाखा, मग मी चाखीन, मग पोरीला भरवा. मीनाक्षीबाईंना पुढच्या रांगेत बसवा, नीट दिसेल. सेतुरामला मंडपाचे बघायला सांगितले आहे.
वेदा