डेल्फासाठी ठेवलेली जोडी

३ मार्च, मंगळवार

डेल्फा सकाळच्या लाँचने ग्वायाकिल शहरात गेली, आमच्या लेकीकडे, नोएमीकडे. हृदयाचं ऑपरेशन. धक्क्यावर म्हणाली, "तोंड पाडून बसू नकोस. कोंबड्यांना दाणे टाक." एवढंच! मागे वळून पाहिलंही नाही — की पाहिलं, आणि मलाच दिसलं नाही?

परत येऊन खांबांवरच्या आमच्या घराखालच्या कुंपणात, चिखलात, जोडी पुरली. काळ्या शिंपल्यांतला एक नर, एक मादी. नर लांबट, मादी गोल फुगीर. कोणी खाडीबाहेर गेलं की आई अशीच जोडी ठेवायची. जोडी जगली की माणूस परत येतं.

४ मार्च

ओहोटीला खाली उतरून पाहिलं. जिवंत आहेत. पुन्हा पाहिलं. आहेत.

६ मार्च, शुक्रवार

फेलिसा शेजारीण रोज खारफुटीत शिंपले वेचते. तिच्या ओट्यावर विद्यापीठातली मारिसेला सध्या शिंपले मांडून बसलेली असते. जातवारी लावते म्हणे. मी सहज नर-मादीचं बोललो.

ती म्हणाली, "आजोबा, हे नवरा-बायको नव्हेत. दोन वेगळ्या जाती आहेत."

पाठीवरच्या रेघा मोजायला लावल्या. लांबट्यावर जास्त, गोलावर कमी. मग बिजागरी दाखवली. बारीक दातांची सरळ ओळ! ही ओळ दोघांनाही आहे, म्हणून दोघे एका घराण्यातले. कालवांच्या बिजागरीला दात नसतात, ती लांबची. पण सख्खे झाले तरी जाती दोन. लांबट्यांत नर-मादी दोन्ही, गोलांतही दोन्ही. मी विचारलं, मग ओळखायचं कसं? उघडून आत पाहायचं, म्हणाली. उघडलं की मेलंच ना ते!

फेलिसा हसत सुटली. "घ्या! जन्मभर जिला बायको म्हटलं ती चुलतबहीण निघाली."

मला हसू आलं नाही. खाली पुरलेली जोडी ही जोडीच नाही. आणि ऑपरेशन सोमवारी.

७ मार्च

आईने बाबांसाठी ठेवली होती तीसुद्धा अशीच असणार. बाबा आले होते. मग कशाच्या जोरावर आले?

शेवटी मारिसेलाला खरं कारण सांगितलं. वाटलं, हसेल. हसली नाही. म्हणाली, "मग एका जातीचे ओंजळभर ठेवा, आजोबा. सगळेच नर निघायचे नाहीत."

फेलिसाने टोपली पुढे केली. गोल निवडून घेतले, पुरले. लांबटा मात्र एकटा पडला. डेल्फा गेली त्या दिवशीचा तो, काढून टाकवेना. मग त्याच्याही जातीचे आणले. कुंपण भरलं.

९ मार्च, सोमवार

डेल्फा अजून ऑपरेशनला आत आहे.

नोएमीचा फोन. बाहेर आणलं, पण डोळे उघडलेले नाहीत.

खाली गेलो. पहिली गोल, डेल्फाच्या जोडीतली — तोंड वासून पडली आहे. बोट लावलं तरी मिटत नाही. नोएमीला सांगितलं नाही. फेलिसा हिरवी केळी तळून ठेवून गेली. तशीच झाकून ठेवली.

१० मार्च

डोळे उघडले! पहिला प्रश्न, कोंबड्यांना दाणे टाकले का? मी टाकायलाच विसरलो होतो. पळत जाऊन टाकले, मग हो म्हणालो.

५ एप्रिल, रविवार

आली. हडकली आहे. जिना चढण्याआधीच कुंपणात वाकून पाहिलं. "एवढे कशाला रे?"

सगळं सांगितलं. रेघा, दात, मेलेली गोल. ऐकून घेतलं आणि पायरीवर बसली. "तू केळीच्या मळ्यावर गेला होतास ना, तेव्हा तुझीही जोडी ठेवली होती मी. दुसऱ्याच आठवड्यात नारळाच्या रसात शिजवून खाल्ली. भूक लागली होती. आलास की नाही?"