पाऊण किलोचा बिघाड

बालाघाट, मंगळवार

तीर्थरूप ताईस,

धाकट्या टिकारामचा पायावर डोकं ठेवून, आणि या खेपेला ते जरा जास्त वेळ ठेवून, नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? थंडी लागली, म्हणजे भाऊजींचा खोकला सुरू झालाच असेल. इकडे सगळे धडधाकट आहेत, फक्त मी अजून धक्क्यातून सावरलेलो नाही. तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. शेजारचा भोजराज रोज तुमच्या लालबर्ऱ्याला राइस मिलवर जातो, त्याच्या हाती देतो आहे. वाचण्याआधी चुलीत घालू नकोस.

दिवाळीला तुला न्यायला मी आलो नाही, हे खरं. बसने यायचं नाही, भावाकडे गाडी आहे, असं मीच बजावलं होतं, हेही खरं. तू बॅग भरून ओसरीवर बसून राहिलीस आणि शेवटची बस तुझ्यासमोरून गेली, हे भाऊजींनी ज्या शब्दांत कळवलं ते शब्द इथे लिहीत नाही. पण मी निघालो होतो ताई. वैनगंगेच्या पुलावर, ऐन मध्यावर, गाडी बंद पडली. पेट्रोल कमी पडलं की गाडी आधी गचके देते, माणसाला कडेला घ्यायला सवड देते. हिने काही न सांगता प्राण सोडला. इंजिन, पंखा, रेडिओ, सगळं एकदम गप्प, स्टेअरिंग दगडासारखं, आणि मागे धानाच्या पोत्यांचा ट्रक भोंगा वाजवून राह्यलेला. पुन्हा चालू केली, पुढच्या खड्ड्यात पुन्हा गेली. असा रखडत रखडत परत घरी आलो.

तुला ठाऊकच आहे, हातात पाना धरला तेव्हापासून मी गाडी मिस्त्रीकडे नेलेली नाही. शाळा दहावीत सुटली, पण इंजिन मी स्वतः असं शिकलो की गावातले मिस्त्री मला येताना पाहून बोनट लावून घेतात (तुझी भावजय अनुसया म्हणते कंटाळून लावतात). तेव्हा मी शिस्तीने कामाला लागलो. पेट्रोलचा फिल्टर नवा टाकला. प्लग काढून घासले. थ्रॉटल धुतलं, बॅटरीची टोकं खरवडली. अंगणात उभी असली की गाडी दुपारभर चाले, कोंबड्या सवयीने तिच्याखाली झोपू लागल्या. रस्त्यावर नेली की पहिल्याच ब्रेकरवर डोळे मिटी. इंजिनाबरोबर रेडिओ काहून बंद पडतो, म्हणजे बिघाड पेट्रोलचा नाही, करंटचा आहे, हे ज्याला सुचायला हवं होतं तो माणूस त्या वेळी प्लग घासत होता.

परवा ठरवलं, की समीक्षाने चालवावी आणि मी बाजूला बसून कान लावावा. (पोरीला गाडी चालवता येते हे मला परवाच कळलं. कोणी शिकवलं विचारलं, तर मायलेकी दोघी चहा ठेवायला निघून गेल्या. हा पहिला धक्का.) माझ्या किल्ल्यांचा जुडगा तेव्हा हत्यारांच्या कपाटाला लटकत होता, म्हणून तिने गाडीची जादा किल्ली लावली. पूल ओलांडला, पार पलीकडच्या गर्रा गावापर्यंत गेलो. मी खड्डे दाखवून दाखवून त्यात घालायला लावली. गाडी शिंकलीसुद्धा नाही. घरी येऊन मी जुडगा काढला, स्वतः बसलो, आणि पहिल्याच ब्रेकरवर सगळं गप्प.

मागून समीक्षा म्हणाली, "पापा, अपनी चाबियाँ तो देखो, कैसे झूल रही हैं."

ताई, जुडगाच. खड्डा आला की तो झुले, किल्लीला खाली ओढी, आतला स्विच झिजून झिजून ढिला झालेला, करंट तुटे, गाडी बंद. अनुसयाच्या काट्यावर तोलला तर सातशे चाळीस ग्रॅम भरला (घर, दुकानाची दोन शटर, विहिरीची मोटर, हत्यारांचं कपाट, साखरेचं कपाट, मी सहा वर्षांपूर्वी पद सोडलेलं समाजभवन, विकलेली मोटरसायकल, आणि ज्यांची कुलुपं सापडत नाहीत अशा चार. आईच्या पेटीचीही आहे, पण तो विषय आपण नंतर बोलू असं ठरलं आहे).

अनुसया काटा पुसत म्हणाली, "गाडीले काही झालं नाही जी. तुमचा संसार गळ्यात घेऊन घेऊन तिचा गळा दुखून राह्यला."

स्विच मी स्वतः बदलला, आधी बॅटरीचं टोक काढून, जसं काढायला पाहिजे तसं. मग किल्ल्या वाटल्या. साखरेच्या कपाटाची अनुसयाला दिली, तर तिने ती कुलपालाच लावून ठेवली. शटरच्या समीक्षाकडे गेल्या. समाजभवनवाल्यांना त्यांची दिली, तर म्हणाले, कुलूप तर कधीचंच बदललं. आता दोन दिवस झाले. गाडी बंद पडलेली नाही, आणि खरा धक्का हा, की घरही बंद पडलेलं नाही.

भाऊजींना नमस्कार, म्हशीला चारा, तुला पुन्हा एकदा डोकं.

तुझा, सध्या हलका झालेला भाऊ,
टिकाराम

ता. क. लिफाफा जड लागला असेल. त्यात आईच्या पेटीची किल्ली आहे. ही केवळ वजन कमी करण्याची बाब आहे, दुसरा काही अर्थ काढू नये. तू चौदा वर्षं मागत होतीस त्याचा याच्याशी संबंध नाही.

पुन्हा ता. क. पेटी मात्र इथेच आहे. तिच्या बिजागऱ्यांना मी दर दसऱ्याला तेल देत आलो, उघडली एकदाही नाही. रविवारी न्यायला येतो. गाडी समीक्षा चालवील, मी मागे बसेन. त्या दिवशी येणारी बस खुशाल जाऊ दे.

शेवटचं. रागाने ही किल्ली भोजराजच्या हाती परत पाठवू नकोस. माझ्याकडे आता ती अडकवायला कडी नाही.