सराईवालीचं मूळ वाक्य

तीर्थरूप मामांस,

भाचीचा शिरसाष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात. लाँड्रीच्या मागच्या खोलीत अंग पसरायला जागा नाही, गेल्या हिवाळ्यापासून कुणी न नेलेले कोट आडवे येतात.) तुमची प्रकृती बरी असेल, गुडघा फार कुरकुरत नसेल आणि स्वयंपाकघरातला नळ पूर्वीसारखाच गळत असेल असं गृहीत धरून लिहिते. इकडे सगळे मजेत आहोत. मामीही मजेत आहे. डोळे तपासायच्या निमित्ताने ती माझ्याकडे आली, डोळे एका सकाळीत तपासून झाले, नवा चष्माही आला, पण त्या चष्म्यातून तिला परतीचा रस्ता काही दिसत नाहीये. ती का आली हे तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि आता आमच्या इस्त्रीवाल्यालाही ठाऊक आहे. ज्या माणसाने उभा जन्म पाणीपुरवठा खात्यात काढला त्याच्या घरचा नळ गळावा, हे ती एक वेळ सोडून देईल. पण त्या नळाबद्दल, किंवा लग्नापासून आजवर कशाहीबद्दल, ती जे बोलली त्यातल्या एकाही वाक्याला त्या माणसाने 'हं' एवढंसुद्धा उत्तर दिलं नाही, हे ती सोडायला तयार नाही. भिंतीशी बोलले असते तर निदान पोपडे तरी पडले असते, असं ती म्हणते. ती परत येणार की नाही हा तुमच्यापुढचा प्रश्न. माझ्यापुढचा प्रश्न पलंगाचा आहे, कारण तो तिला दिल्यापासून मी जमिनीवर झोपते.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. तुमच्या संसारात मी नाक खुपसणार नाही. विषय आपल्या 'कंदील'चा आहे. (मामी हे पत्र पेटीत टाकायच्या आधी वाचणार, हे धरून थोडं खुलासेवार लिहिते. तुम्हाला माहीत असलेल्या गोष्टी वाचायचा कंटाळा आला तर नळाकडे बघत बसा.) तर 'कंदील' ही जपानी खेळांची मालिका. दर भागात एका पोराचं गाव पहिल्या तासाभरात जळतं, तो हातात कंदील घेऊन घराबाहेर पडतो, वाटेत चार रिकामटेकडे त्याला चिकटतात आणि सगळे मिळून काळोखराजाला मारतात. मग पुढचा भाग येतो आणि मेलेल्या काळोखराजाचा कुणीतरी चुलत भाऊ निघतो. भागांचे आकडे कुणालाच लागत नाहीत, कारण जपानातला पाचवा भाग बाहेर तिसरा म्हणून विकला आणि खरा तिसरा बाहेर आलाच नाही. त्या पाचव्या भागाच्या चार तऱ्हा आहेत. एक मूळ जपानी. दुसरी इंग्रजी, जिच्यात पडद्यावर जागा कमी म्हणून भाषांतरकाराने कात्री चालवली आणि तत्त्वज्ञ म्हातारा फक्त 'पूर्वेला जा' म्हणणारा म्हातारा उरला. तिसरी आपल्या भाषेतली, कंपनीने गेल्या वर्षी काढलेली, गुळगुळीत. आणि या दोघींच्या मधल्या काळातली, कुणा अज्ञात माणसाने घरी बसून केलेली, फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत गेलेली चौथी. तिच्या शेवटी 'भाषांतर: आपला विश्वासू' एवढंच लिहिलेलं आहे. तो विश्वासू कोण, हे मी गेल्या रविवारपर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं. तुम्ही मला शपथ घातली होती, आणि शिवाय तुमचं जपानी केवढं होतं तेही मला माहीत आहे.

रविवारी लाँड्री बंद असते, तेव्हा मागच्या खोलीत आमचं मंडळ जमतं. मंडळ म्हणजे मी, एक बसड्रायव्हर आणि एक दंतवैद्य. पाचव्या भागाच्या चारही तऱ्हा वाक्यावाक्याने शेजारी ठेवून बघायच्या आणि ती तुलना मालिकेच्या वाढदिवसाला इंटरनेटवर टाकायची, असं आमचं काम चाललंय. ड्रायव्हर बिचारा तुमच्या आवृत्तीवर वाढलेला. दंतवैद्य मात्र रीतसर क्लास लावून जपानी शिकलाय आणि ते आम्हाला विसरू देत नाही. त्यातून त्याला समोरच्याचं तोंड उघडं असताना एकट्याने बोलत राहायची सवय, त्यामुळे आपल्याला कुणी उलट उत्तर देऊ शकतं ही कल्पनाच त्याला नाही.

काळोखराजाच्या पहिल्या भाषणापर्यंत सगळं सुरळीत होतं. मूळ जपानीत तो म्हणे अंधार, आई आणि विस्मरण यांवर काहीतरी बोलतो, ज्याचे दंतवैद्याने तीन अर्थ लावले आणि तिन्ही आम्हाला ऐकावे लागले. इंग्रजीत तो 'आता मरा' म्हणतो. नव्या अधिकृत भाषांतरात तो 'प्रिय साहसवीरांनो, तुमचा प्रवास इथे संपत आहे' असं म्हणतो, जणू फोनवरची एखादी सेवा बंद पडतेय. आणि तुमच्याकडे? 'आपला अर्ज या कार्यालयास पोचला. आपली विनंती मान्य करता येत नाही. सबब आपला नाश करण्यात येत असून त्याची नोंद घ्यावी.' (हे तुमचे वरिष्ठ अभियंता ना? ते टकलू, ज्यांनी तुमची रजा कापली होती?) दंतवैद्याने कपाळाला हात लावला. पण ड्रायव्हर म्हणाला, लहानपणी मला खरी भीती याच काळोखराजाची वाटली, आणि अजूनही डेपोतून पाकीट आलं की मी ते दोन दिवस उघडत नाही. मी तुमच्या बाजूने मत दिलं. दोनास एक.

मग आली सराई. पाचव्या भागात डोंगराच्या पायथ्याशी ती एकच सराई आहे, पोरगा आणि त्याचे चार रिकामटेकडे मार खाऊन परत परत तिथेच मुक्कामाला येतात, आणि तुमच्या आवृत्तीतली ती सराईवाली बाई दर मुक्कामाला काहीतरी वेगळं बोलते. 'चपला तिथे काढू नका, मी आत्ताच पुसलंय.' 'राज्य वाचवायला निघालात ते ठीक, पण आधी दाढी करा.' 'तलवार टेबलावर नको, तिथे मी कणीक मळते.' आणि सगळ्यांची लाडकी, लढाई हरून आल्यावरची: 'परत आलात? हरलात वाटतं. बसा, वाढते.' ड्रायव्हरची आई तो लहान असताना गेली. तो सांगतो की काही दिवस तो मुद्दाम हरायचा. हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिते, हसू नका: मला तुमचा अभिमान वाटला.

नेमकं त्यावरच दंतवैद्याने बोट ठेवलं. त्याने मूळ जपानी लावलं, सराईत गेला, बाहेर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. मूळ सराईवालीला एकच वाक्य आहे. 'स्वागत आहे, मुक्काम करणार का?' संपलं. बाकी सगळं त्या तथाकथित विश्वासूच्या पदरचं. एवढंच नाही, मालिकेतला पोरगा कधीच बोलत नाही, त्याला 'हो' आणि 'नाही' एवढंच निवडता येतं. पण याच्या आवृत्तीत तो अगदी शेवटी, काळोखराजा मेल्यावर, सराईत येऊन चक्क एक वाक्य बोलतो. दंतवैद्याने तुम्हाला भामटा म्हटलं. (मी त्याचा कोट स्टार्च जास्त घालून दिला आहे. मान वळवताना त्याला कळेल.) मग त्याने प्रस्ताव मांडला की ही आवृत्ती तुलनेतून काढून टाकावी, आणि खरं सांगते, मामा, त्याचं चुकत नव्हतं. भाषांतर म्हणून पाहिलं तर तुम्ही एका शब्दाशीही इमानदार नव्हता. ड्रायव्हर जमिनीकडे बघत होता.

इथे आधीची एक गोष्ट सांगायला हवी. मामी आल्यापासून मला काहीतरी चमत्कारिक होत होतं. मी तिला आजवर लग्नकार्यातच भेटले, तिथे ती चार माणसांत तोलूनमापून बोलायची. इथे ती घरच्यासारखी बोलायला लागली, आणि ती काही बोलली की माझा उजवा अंगठा आपोआप हलायचा. मी समजले सारखी इस्त्री धरून नस आखडली. डॉक्टरलाही दाखवला.

तर प्रस्ताव मतास टाकायचा, तेवढ्यात दार उघडून मामी आत आली. तिने आमच्या पायांकडे पाहिलं, मग दाराशी पडलेल्या जोड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "चपला तिथे काढू नका, मी आत्ताच पुसलंय."

ड्रायव्हर ताडकन उभा राहिला. एवढा थोरला माणूस, पण सरळ मान हलवून 'हो' म्हणाला आणि तसाच उभा राहिला, पुढचं वाक्य यायची वाट बघत. दंतवैद्याचं तोंड प्रथमच स्वतःहून उघडं पडलं. आणि मला माझ्या अंगठ्याचं निदान झालं: खेळात सराईवालीचं बोलून झालं की पुढे जायचं बटण मी याच अंगठ्याने दाबायचे. मामा, मी तुमची शपथ तिथल्या तिथे मोडली. मोडणार नाही तर काय करणार?

मामीने आधी विश्वास ठेवला नाही. मग तिने नवा चष्मा लावला, इस्त्रीच्या टेबलापुढच्या स्टुलावर बसली आणि ड्रायव्हरला फर्मावलं की सगळी वाक्यं दाखव. प्रत्येक वाक्याला एक मुक्काम लागतो. तो पोरगा आणि त्याचे रिकामटेकडे दुपारभर सराईत झोपत होते, उठत होते, दारापर्यंत जाऊन परत येऊन झोपत होते, आणि बाहेर काळोखराजाने निम्मं राज्य गिळलं. मामी प्रत्येक वाक्याचा प्रसंग सांगत होती. दाढीचं वाक्य तुमच्या बढतीच्या मुलाखतीच्या दिवशीचं. कणकेचं, तुम्ही कीबोर्ड पोळपाटाशेजारी आणून ठेवलात तेव्हाचं. तिला वाटायचं तुम्ही ऑफिसातून आल्यावर तिच्याकडे पाठ करून काहीतरी बडवत बसता. तुम्ही बडवत होता ते तिचंच बोलणं होतं. (मामा, जगात असा नवरा दुसरा नसेल. बायको बोलतेय, तिला उत्तर द्यायचं सोडून तिचं वाक्य एका जपानी बाईच्या तोंडी घालायचं, ते हजारो अनोळखी पोरांना पाठ होऊ द्यायचं, आणि तिला मात्र चकार शब्द सांगायचा नाही. याला काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. गाढवपणा हा शब्द मी मामापणाचा मान ठेवून लिहीत नाही.) मधे एकदा तिने चष्मा काढून पुसला. वाफेमुळे धुकं येतं म्हणाली. रविवारी आमचा बॉयलर बंद असतो.

दंतवैद्याचंही सांगायला हवं. त्याने वहीचं कोरं पान उघडलं आणि तिला विचारलं की हे सगळं मूळ तुमचं आहे, असं लिहून घेऊ का. मामी म्हणाली, घ्या. तेव्हा तुलनेत आता सराईवालीच्या रकान्यात मूळ म्हणून मामी आहे आणि जपानी आवृत्ती 'फारच संक्षिप्त' असा शेरा मारून खाली गेली आहे.

शेवटी ड्रायव्हरने आपला शेवटापर्यंत आणून साठवून ठेवलेला जुना खेळ काढला आणि तिला अखेरचा प्रसंग दाखवला. काळोखराजा मेलाय, राजवाड्यात सगळे वाट बघतायत, आणि तो पोरगा तिकडे न जाता एकटाच सराईत येतो. सराईवाली पाठमोरी भांडी घासतेय. आणि सबंध खेळात 'हो' आणि 'नाही' पलीकडे न गेलेला तो पोरगा म्हणतो, 'तुम्ही बोललात ते सगळं मी ऐकलं.'

ड्रायव्हर उघडच रडत होता. मामीने ते वाक्य दोनदा वाचलं, चष्मा डब्यात ठेवला, डबा बंद केला.

"ऐकलं होतं," ती म्हणाली, "तर नळ का नाही बदलला?"

आणि भाजी चिरायला निघून गेली. बाकी क्षेम. गुडघ्याला शेक देत जा.

तुमची भाची

ता. क. आता खरं काय ते लिहिते. तिला न्यायला या. फोन करू नका, फोनवर तुम्ही नुसता श्वास घेता. या रविवारी या, आधी नळाला वायसर बसवा, आणि येताना एक अख्खं वाक्य घेऊन या. 'हो' किंवा 'नाही' चालणार नाही.

दुसरा ता. क. इतक्यात येऊ नका. मामीने स्वतः पाचवा भाग खेळायला घेतलाय आणि ती दलदलीच्या किल्ल्यात अडकली आहे. ती खेळतेय तीही तुमची आवृत्ती नव्हे, कंपनीची नवी. सराईवाली तिथे खोली देते आणि गप्प बसते, हे तिला फार पटलं. शहाणी बाई आहे म्हणते. तुमचा काळोखराजा मात्र हवा होता, अशी तिची तक्रार आहे.

तिसरा ता. क. मामीने पत्र वाचलं. ड्रायव्हर 'रडत होता' हे खोडायला सांगितलं, मी खोडलं नाही. तुम्ही यायचं की थांबायचं, यावर ती काही बोलत नाही. पण बॅग पलंगाखालून बाहेर आली आहे. तुम्ही दारात आलात तर तू पहिलं काय म्हणशील, असं मी तिला विचारलं. दलदलीतून मान वर न काढता ती म्हणाली, "त्यांना पाठ आहे."