त्या पेटीनं तुम्हाला नाही नेलं

प्रिय बाबा,

सिमेंटच्या कारखान्यात आज तुमच्या जागेवर मी पहिली सही केली, म्हणून लिहितेय. घरात कुणी ऐकायला तयार नाही. तुम्ही तरी ऐका.

तुम्ही गेलात तेव्हा डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. पण तेरवीलाच मोठे काका सगळ्यांदेखत बोलले, "त्या किरणाच्या पेटीनं खाल्लं याले." वणीपासून कळंबपर्यंत सगळ्या नातलगांत तेच पसरलं. दिवसाचे दोन बिडीकट्टे कुणालाच आठवले नाहीत.

घरी कधी नीट सांगितलं का नाही, बाबा? आईला अजून वाटतं, तुम्ही बॉम्बजवळ बसत होतात. मलाही प्रशिक्षणातच कळलं. चुनखडी वाहून नेणाऱ्या पट्ट्यावरच्या त्या पेटीत कॅलिफोर्नियम नावाचं किरणोत्सारी मूलद्रव्य असतं. त्यातले न्यूट्रॉन दगडावर आदळतात, दगडातून गॅमा किरण निघतात आणि पट्टा चालू असतानाच चुना किती, सिलिका किती, लोखंड किती ते कळतं. एवढं साधं तुम्ही आईला सांगू शकला नसतात?

तुमच्या छातीवरच्या, किरण मोजणाऱ्या बॅजचे सगळे अहवाल मी मागून आणले. एकही मर्यादेबाहेर नाही. काकांपुढे ठेवले तर म्हणाले, "कागद काहीबी सांगते." आई रडली. "एक गेला, आता तुले कायले पाठवू?"

तरी मी गेले.

कॅलिफोर्नियम सुमारे अडीच वर्षांत निम्मं होतं, म्हणून आज नवं बसवलं. काम बाहेरून आलेल्या जाणकार माणसांनी केलं. किरण मोजायचं काम माझं. पट्टा बंद, पेटीभोवती कुणी येऊ नये म्हणून दोरी बांधलेली, साहेबांना घाई. "दोरी काढा, माणसं आत सोडा."

"मोजणी झाल्याशिवाय दोरी निघणार नाही, साहेब."

"तुझे बाबा इतका वेळ लावत नव्हते."

मी तोंड उघडायच्या आत पट्ट्यावरचे जुने फिटर रामदासभाऊ पुढे आले. "लावत होते, साहेब. मले दोनदा हाकललं त्याइनं."

मी चारही बाजूंनी मोजलं, मगच नोंदवहीत सही केली. मागच्या पानांवर तुमच्या सह्या होत्या. डोळे भरून आले.

बिडीसाठी मात्र तुमच्यावर राग आहे. तो राहणार.

परवा उमरखेडचे पाहुणे मला बघायला येताहेत. त्यांनी आधीच विचारलंय, मुलीचे वडील किरणांनी गेले का? आई म्हणते, तू बोलू नको. बाबा, उत्तर मीच देणार, त्यांच्या डोळ्यांत बघून. स्थळ मोडलं तरी चालेल. तुमच्या मरणाला खोटं कारण मी लागू देणार नाही, हा माझा शब्द.

तुमचीच,
माधुरी