मास्तरवालीला चाय नाय

पेण,
जुलै १९९६

सौ. सगुणाताईस,

धाकट्या सरूचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींची शिफ्ट बदलली का? आम्ही ठीक आहोत. म्हणजे खाऊनपिऊन ठीक आहोत, पण गेला महिनाभर मी वाळीत पडले होते, आणि तेही एका परक्या मुलीच्या लग्नावरून. (मुलगी टीव्हीतली.)

मंगळवारची मालिका तूही बघतेस. त्यातल्या मुलीने गाडीवाल्या डॉक्टरशी लग्न करावं की वरच्या खोलीतल्या भाडेकरू मास्तरशी, यावरून आमच्या गणपतीच्या कारखान्यात दोन तट पडले. एका तटात सगळ्या जणी आणि दुसऱ्यात मी. मी मास्तरकडची. (आमचे हे मला बघायला सायकलवरून आले होते, मग मी दुसरीकडे जाणार कशी?) डॉक्टरला मी नुसतं गुळगुळीत म्हटलं, तर आमच्यातल्या काशीबाईने चहाच्या वेळी माझी चटई उचलून दाराशी टाकली. "मास्तरवालीला चाय नाय," म्हणाली. टीव्ही तिच्याच घरी, त्यामुळे मालिकासुद्धा मी खिडकीतून, उभ्याने बघितली. हसू नकोस, घरी येऊन मी रडले आहे.

कारखान्यात तर कहरच. काशीबाई अंगाचा रंग देते, मालू पीतांबर रंगवते, मग मूर्ती डोळ्यांच्या आखणीला माझ्याकडे येते. मालूने मूर्ती पुढे सरकवायचंच बंद केलं! फळीवर गणपती दाटीवाटीने बसलेले, सोंड, मुकुट सगळं झकास, आणि एकालाही डोळे नाहीत. मालक पुंडलिकशेठ कपाळाला हात लावून बसले. समेट करायला म्हणून त्यांनी डॉक्टरचं नाव सुचवलं, तेव्हा मी त्यांच्याशीही अबोला धरला.

परवा शेवटचा भाग होता. तिने हार हातात घेतला, पाऊल उचललं आणि लाइट गेली. धरमतरपासून कासूपर्यंत अंधार! (रोह्याकडे होती म्हणे. एसटीच्या कंडक्टरने सांगितलं, पण त्या मेल्याने मालिकाच बघितली नव्हती.) सकाळी काशीबाई स्वतः माझ्या दारात, हातात चहा. "सरू, तुझी बहीण रोह्याजवळ अष्टमी गावात हाय ना गो?" आता माझी चटई मधोमध असते आणि मूर्ती भराभर येतात. मालू तर म्हणाली, "मास्तर झाला असंल तरी चालंल, पन कळू दे." मला इतकं बरं वाटलं, ताई.

तुझी,
सरू

ता. क. तर हार कुणाला घातला ते कळव. नाहीतर रविवारी तूच ये, चार दिवस राहा.

ता. क. २. कळवू नकोस. ये मात्र. आज चहाला सगळ्या आपापला शेवट रचत होत्या. काशीबाईने डॉक्टरला परदेशी धाडला आणि मास्तरला स्कूटर घेऊन दिली (काशीबाईने!). महिनाभरात आम्ही अशा हसलो नव्हतो. तेव्हा कारखान्यात विचारलं तर सांग, आमच्याकडेही लाइट गेली होती.

ता. क. ३. मला मात्र स्टँडवर उतरल्या उतरल्या कानात सांग. मास्तरच ना गो?